एकत्र ठेवा

कमळताई फर्डे यांचे अक्षर ज्यांनी पाहिले आहे, त्यांना त्यांच्या स्वभावाचे निराळे वर्णन करून सांगावे लागत नाही. मुरबाडच्या बाजारपेठेपासून थोडे दूर, भातखाचरांच्या मधोमध उभ्या असलेल्या एका महाविद्यालयाच्या कार्यालयात त्या एकतीस वर्षे विद्यार्थ्यांची नोंदवही लिहीत आल्या. अक्षर टपोरे, शिरोरेषा एका श्वासात ओढल्यासारखी, आणि प्रत्येक नावानंतर सोडलेली बोटभर मोकळी जागा. ही जागा कशासाठी, असे कोणी विचारले तर त्या म्हणत, "माणसाला बसायला नको?"

धसईच्या बाजारात त्यांचे वडील भात मापून देण्याचे काम करीत. कमळताई दहावीपर्यंत शिकल्या आणि महाविद्यालय सुरू झाले तेव्हा सेविका म्हणून तेथे लागल्या. पाण्याचे माठ भरावेत, वर्गांतले फळे पुसावेत, घंटा द्यावी, एवढेच त्यांचे काम होते. पण तेव्हाच्या वृद्ध मुख्य लिपिकांनी एकदा त्यांना पाकिटावर पत्ता लिहिताना पाहिले आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्यासमोर कोरी नोंदवही ठेवली. त्या दिवसापासून घंटा दुसऱ्याच्या हाती गेली. पुढे रीतसर बढती मिळाली, खुर्ची मिळाली, टेबलावर काच आली. परंतु नवीन विद्यार्थ्याचे नाव लिहिण्यापूर्वी उजव्या हाताची बोटे पदराला पुसण्याची त्यांची सवय काही गेली नाही.

नाव लिहून घेण्याची त्यांची रीत आगळी होती. दाखल्यावरचे नाव त्या उतरवून घेतच, मग चष्मा वर करून विचारत, "घरात काय बोलतात तुला?" या प्रश्नाला कोणत्याही परिपत्रकाचा आधार नव्हता. त्याला आधार होता तो त्या मुलखातील नामकरणाचा. वैशाखऱ्याच्या वरच्या अंगाला डोंगराच्या कुशीत ज्या वाड्या आहेत, तेथे बुधवारी जन्मलेली कन्या बहुधा बुधी होते. नक्षत्र, राशी, अक्षर यांचा खल न करता, ज्या वाराने तिला जगात आणले त्याच वाराचे नाव तिला देणे, यात एक प्रकारची कृतज्ञताच आहे. जन्मतारखेचे मात्र तसे नाही. ती बापाला वाराने आठवते, पावसाने आठवते, तारखेने आठवत नाही. म्हणून शाळेत नाव घालताना गुरुजी एक जून लिहून मोकळे होतात. एकाच वाडीत एकाच वर्षी एक जूनला सात-आठ बालके जन्मल्याचे दाखल्यांवरून दिसते, आणि त्यांत दोन बुधी असल्या तर नवल नाही.

तशा दोन बुधी तीन वर्षांपूर्वी कमळताईंच्या टेबलासमोर एकाच वेळी येऊन उभ्या राहिल्या होत्या. दोघींचे नाव बुधी, दोघींच्या वडिलांचे नाव भिमा, दोघींचे आडनाव मेंगाळ, दोघींची जन्मतारीख एक जून. दोन्ही भिमा एकमेकांचे चुलतभाऊ. एकाचे घर वाडीच्या वरच्या टोकाला, दुसऱ्याचे खालच्या.

"आता मी कसं गो वळखू तुमाला?" कमळताईंनी विचारले.

"मी वरली, ही खालली," उंच मुलगी म्हणाली.

"वरली म्हंजे डोक्यानं नाय हां," दुसरी चटकन म्हणाली, "घरानं."

कमळताई हसल्या आणि नोंदवहीच्या शेवटच्या रकान्यात, जेथे शेरा लिहावयाचा असतो, तेथे त्यांनी पेन्सिलीने एकीपुढे 'वरली' आणि दुसरीपुढे 'खालली' असे लिहिले. दोघींबरोबर आलेल्या त्यांच्या आयांनी जाताना हात जोडून एकच मागणे मागितले होते. "पोरींना एकत्र ठेवा, ताई. एका वर्गात, एका यष्टीत. रस्ता रानाचा हाय." कमळताईंनी मान हलविली होती, आणि त्यांचे मान हलविणे हे अनेक लेखी हुकमांहून अधिक पक्के असे.

दुसऱ्या वर्षी विद्यापीठाचे नवे युग आले. प्रत्येक विद्यार्थ्याला जन्मभर पुरेल असा एक क्रमांक मिळणार, त्याचे गुण, त्याच्या परीक्षा, त्याची पदवी, सारे त्या एका क्रमांकाखाली ऑनलाइन साठणार, असे परिपत्रक आले. योजना थोर होती, यात शंका नाही. वैशाखऱ्याच्या मुलीला एका दाखल्यासाठी मुंबईपर्यंत हेलपाटे घालावे लागू नयेत, ही त्यामागची भावनाही थोरच म्हटली पाहिजे. मुदत मात्र चार दिवसांची होती. कार्यालयात संगणक चालविण्यासाठी शहापूरची दामिनी पष्टे नुकतीच लागली होती. बोटे चपळ, जीभ त्याहून चपळ. एकटीने एवढी नावे भरणे तिला शक्य नव्हते. म्हणून कला शाखेच्या दुसऱ्या वर्षाची नावे कमळताईंनी भरावीत असे ठरले.

"ताई, घाबरायचं नाय," दामिनीने सांगितले. "तो काय विचारील ते वाचायचं आणि बटण दाबायचं. एवढंच."

कमळताईंनी बोटे पदराला पुसली आणि एका बोटाने एकेक अक्षर टिपत नावे भरावयास प्रारंभ केला. वरल्या बुधीचे नाव भरून झाले. खालल्या बुधीचे भरले, तशी पडद्यावर एक पिवळी चौकट उमटली. 'समान माहिती आढळली.' खाली दोन बटणे होती. एकावर लिहिले होते 'एकत्र ठेवा'. दुसऱ्यावर 'रद्द करा'.

रद्द हा शब्द कमळताईंना ठाऊक होता. एकतीस वर्षांत ज्या ज्या नावापुढे त्यांना तांबड्या शाईने तो लिहावा लागला होता, ते मूल पुन्हा महाविद्यालयाच्या पायरीवर दिसले नव्हते. आणि एकत्र ठेवा हे शब्द तर त्यांनी दोन मातांच्या तोंडून ऐकलेले होते. यंत्रालाही वाडीच्या रस्त्याची काळजी वाटावी, याचा त्यांना मनातून आनंदच झाला. त्यांनी 'एकत्र ठेवा' हे बटण दाबले.

संगणकाने दोन बुधींची एक बुधी केली.

हे कोणाच्या ध्यानात आले नाही, याचे कारण असे की त्याच दिवाळीनंतर खालल्या बुधीचे लग्न झाले आणि ती उंबरमाळीकडे सासरी गेली. पहिल्या वर्षाच्या दोन विषयांत ती नापास झालेली होती. ते विषय सोडवावयाचे राहूनच गेले. परीक्षेला एकच बुधी बसली, एकच प्रवेशपत्र आले, सर्व काही यथास्थित भासले. वरली बुधी शिकत राहिली. दुसरे वर्ष झाले, तिसरे झाले. बी.एड.च्या प्रवेशयादीत तिचे नाव लागले, तेही शहापूरच्याच महाविद्यालयात, घरापासून रोज जाऊन येता येईल असे. वाडीतील पहिली मुलगी शिक्षिका होण्याच्या उंबरठ्यावर उभी होती. कागदपत्रे दाखविण्यास आठ दिवसांची मुदत होती, आणि पदवीचा निकाल लागलेला नव्हता.

निकाल राखून ठेवला होता. दामिनीने संगणकावर पाहून वाचले, "पहिल्या वर्षाच्या दोन विषयांत अनुत्तीर्ण."

"मी कुठं नापास झाल्ये?" टेबलाच्या कडेला धरून उभी असलेली बुधी म्हणाली. "इतिहासात तर मला साठ होते. ताई, तुमीच वाचून दाखवले होते ना?"

कमळताई उठल्या, कपाटातून तीन वर्षांपूर्वीची नोंदवही काढली, पान उलटले आणि पेन्सिलीने लिहिलेल्या दोन शब्दांवर बोट ठेवून उभ्या राहिल्या. मग त्यांनी दामिनीला विचारले, "खालल्या बुधीचं पान काढ बघू."

दामिनीने शोधले. "खालली कोण? एकच बुधी दिसतेय इथं."

"दोघी होत्या गो."

"मग दुसरी गेली कुठं?"

कमळताई खुर्चीत बसल्या. पिवळी चौकट त्यांना लख्ख आठवली. बटणाचा रंगसुद्धा आठवला. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "मीच केलंय. एकत्र ठेवू का विचारलं त्यानं, मला वाटलं एका तुकडीत. मी हो बोलले."

दामिनीच्या ओठांवर हसू आले होते, ते तिने आवरले. बुधी मात्र हसली नाही आणि रागावलीही नाही. तिने एवढेच विचारले, "आठ दिवसांत होईल का, ताई?"

त्या प्रश्नापुढे आपल्या चुकीचे दुःख करीत बसण्याची चैन कमळताईंना परवडणारी नव्हती.

विद्यापीठात फोन लावले. तिसऱ्या दिवशी एका सज्जन अधिकाऱ्यांनी नीट समजावून सांगितले. दोष यंत्रणेचा असेल तर तक्रार संगणक पुरविणाऱ्या मंडळींकडे जाईल आणि दोन महिने लागतील. दोष महाविद्यालयाचा असेल तर ज्याने नोंद केली त्याने तसे सहीनिशी लिहून द्यावे, दोन्ही विद्यार्थिनींनी महाविद्यालयात समक्ष येऊन आधारच्या यंत्रावर अंगठा द्यावा. नोंदी त्याच दिवशी वेगळ्या होतील.

"ताई, सहीनिशी म्हणजे सेवापुस्तकात चढणार ते," दामिनी म्हणाली. तिच्या आवाजातील नेहमीचा खोडकरपणा लोपला होता. "तीन महिन्यांनी रिटायर होताय. तांत्रिक त्रुटी लिहा ना. सगळी कॉलेजं तेच लिहितात. मशीन थोडंच येणार आहे भांडायला?"

"मशीननं विचारलं होतं गो मला. न विचारता केलं असतं, तर लिहिलं असतं तसं."

"अहो, पण एकतीस वर्षांत एक शेरा नाय तुमच्यावर."

"आणि ते दोन महिने? ते ह्या पोरीनं कुठून आणायचे?"

कमळताईंनी कोरा कागद घेतला आणि आपल्या टपोऱ्या अक्षरांत लिहिले की, सदर दोन विद्यार्थिनी भिन्न असून त्यांच्या नोंदी माझ्या हातून, शब्दाचा अर्थ चुकीचा समजल्यामुळे, एक झाल्या. यात अन्य कोणाचा दोष नाही. प्राचार्यांनी तो कागद दोनदा वाचला. 'शब्दाचा अर्थ चुकीचा समजल्यामुळे' हे गाळावे, निष्काळजीपणा म्हणून कोणी वाचील, असे त्यांनी सुचविले. कमळताई म्हणाल्या, "सर, निष्काळजीनं नाय झालं ते. काळजीनंच झालं. तेवढं राहू द्या." प्राचार्यांनी त्यावर आपली सही केली, सेवापुस्तकात जे लिहावयाचे ते लिहिले, आणि बराच वेळ ते पुस्तक मिटले नाही.

आता उरली होती खालली बुधी. तिचा फोन लागत नव्हता. पाचव्या दिवशी सकाळीच कमळताई निघाल्या. मुरबाडहून शहापूर, शहापूरहून जीपने उंबरमाळी. वरली बुधी बरोबर येते म्हणाली, तेव्हा त्यांनी तिला थांबविले. "तू आलीस तर तिला वाटेल तुझ्यासाठीच आल्ये. मला दोघींसाठी जायचंय."

आवणी, म्हणजे भाताची लावणी, उरकून महिना झाला होता. डोंगरउतारावरची वरी कंबरेएवढी झाली होती आणि भातखाचरांत वारा शिरला की सबंध हिरवे पाणी हलल्याचा भास होत होता. खालल्या बुधीचे घर रेल्वेच्या थांब्यापलीकडे चढावर होते. अंगणात तिची सासू सकुबाई वाल निवडीत बसली होती. पायातील चपला काढीपर्यंत तिने पाहुणीला आपादमस्तक न्याहाळले.

"कालेजातून? तिचं कालेज तर कवाचं सुटलं."

"तिचं एक काम राहिलंय, आजी. अंगठा द्यायला एक दिवस पाठवा."

"अंगठा कशाला? जमिनीचा हाय का काय कागद?"

"जमिनीचा नाय. तिच्या नावाचा हाय."

आतून बुधी बाहेर आली. हात ओले, कडेवर वर्षाची मुलगी. क्षणभर तिने ओळखले नाही. मग ओळखले, आणि लहानपणी गुरुजींपुढे उभे राहावे तशी पदर सावरून उभी राहिली. कमळताईंनी ओटीवर बसून सारा वृत्तांत सांगितला, आपले चुकले तेही सांगितले. बुधी ऐकत होती. वरलीची पदवी अडली आहे हे ऐकून ती कळवळली; परंतु तिचे मन दुसऱ्याच एका शब्दाशी अडखळले होते.

"म्हंजे ताई, माझं नाव अजून हाय तिथं?"

"नव्हतं. मी पुसलं होतं, माझ्या हातानं. आता वेगळं करायचंय."

"आमाला वाटलं, लगीन झालं की काढतात."

"कोण काढील? तू रद्द कर बोललीस का? मग?"

सकुबाईच्या हातातील सूप थांबले. "वेगळं, वेगळं करताव, पन वेगळं झाल्यावर वरलीला पदवी, आन हिला काय?"

प्रश्न रोखठोक होता. गोड बोलून तो टाळता आला असता. कमळताईंनी टाळला नाही. "हिला दोन विषय नापास मिळतील, आजी. तिचे जे आहेत ते."

सकुबाई मोठ्याने हसली. "ऐकलंस का गो, इतक्या लांबून बाई तुला नापास करायला आली." पण हसता हसता तिने सुनेकडे पाहिले, आणि तिच्या चेहऱ्यावर काय दिसले कोणास ठाऊक, तिने मुलीला तिच्या कडेवरून उचलून आपल्या मांडीवर घेतले. "जा. उद्याच जा. ही राहील माझ्यापाशी."

दुसऱ्या दिवशी दुपारी दोन्ही बुधी महाविद्यालयाच्या कार्यालयात भेटल्या. दोन वर्षांनी भेट होत होती; त्यांनी एकमेकींचे मनगट धरले आणि हसत राहिल्या.

"जाड झालीस," वरली म्हणाली.

"तू काय शिकून शिकून काडी झालीस?" खालली म्हणाली. "मास्तरीन होनार आन छडी हातात नाय, तूच छडी."

वरल्या बुधीने अंगठा ठेवला. यंत्रावरचा दिवा हिरवा झाला. खालल्या बुधीने ठेवला, दिवा तांबडा. पुन्हा ठेवला; पुन्हा तांबडा. या पावसाळ्यात चिखलात आवणी केलेल्या, त्याआधी दगड वाहिलेल्या त्या बोटांवरच्या रेषा झिजून गेल्या होत्या. दामिनीने काच पुसली, यंत्र बंद करून सुरू केले, दुसरे बोट लावून पाहिले. पाच वाजता विद्यापीठाचे काम बंद होणार होते. वरल्या बुधीच्या हाती कागदपत्रांची पिशवी होती. तिच्या मुदतीचे दोन दिवस राहिले होते.

"नाय घेत तो मला," खालली बुधी ओशाळून म्हणाली, जणू दोष तिचाच होता. "माझं बोटच राहिलं नाय, ताई."

"राहिलंय कसं नाय?" कमळताई म्हणाल्या. त्यांनी तिचा हात दोन्ही हातांत घेतला. एकतीस वर्षे ज्या हातांनी नावे लिहिली त्या हातांनी त्या तिचा अंगठा चोळू लागल्या; सावकाश, थंडीत लेकराचा हात चोळावा तसा. दामिनीने आपल्या पर्समधून मलमाची डबी काढून दिली. बोट मऊ केले, कोरडे केले, पुन्हा चोळले. मग कमळताईंनी स्वतः तो अंगठा धरून काचेवर टेकविला आणि वर आपला अंगठा दाबून धरला.

दिवा हिरवा झाला.

दामिनीने नेहमीपेक्षा हळू टंकन केले. प्रत्येक पायरीवर पडद्यावरचे वाक्य मोठ्याने वाचले, त्याचा अर्थ कमळताईंना विचारला आणि मगच बटण दाबले. तासाभराने पडद्यावर दोन नावे एकाखाली एक उमटली. पहिल्या नावापुढे शब्द आला : उत्तीर्ण. वरली बुधी त्या शब्दाकडे पाहत राहिली आणि मग तिने पिशवी छातीशी धरून जमिनीवरच बसकण मारली. दामिनीने तात्पुरते पदवी प्रमाणपत्र छापून तिच्या हाती दिले. "ऊठ गो मास्तरीन, कागद गरम हाय तोवर घे."

खालली बुधी मात्र दुसऱ्या नावाच्या रेषेशी वाकून उभी होती. ओठ हलवीत ती एकेक विषय वाचीत होती. मराठी, भूगोल, अर्थशास्त्र, समाजशास्त्र. बोटाने मोजले. पुन्हा मोजले.

"ताई, मी चार विषयांत पास हाय."

"हाय ना."

"मला कोणी सांगितलंच नाय. दोन नापास, एवढंच घरी कळलं."

"निकाल सांगताना आपण नापासच सांगतो गो," कमळताई म्हणाल्या. हे त्या तिला म्हणाल्या की स्वतःला, हे सांगणे कठीण.

वैशाखऱ्याकडची गाडी सुटावयास अवकाश होता, आणि शहापूरच्या गाडीलाही. खालल्या बुधीने पदराच्या टोकाशी थोडा चाळा केला आणि विचारले, "हे चार किती वर्सं राहतील असेच?"

दामिनीने पाहून सांगितले, "सात वर्षं. तोवर कोणी हात नाय लावणार."

"सात." तिने मनाशी हिशेब केला, मुलगी तेव्हा आठ वर्षांची होईल, शाळेत असेल. "आन त्या दोनांचा फॉर्म कवा भरतात?"

कमळताईंनी कपाट उघडले आणि परीक्षेचे वेळापत्रक शोधावयास घेतले. निवृत्तीला तीन महिने होते, आणि ऑक्टोबरची परीक्षा त्याच्या आत बसत होती. पत्रक सापडले तेव्हा त्यांनी चष्मा सावरला, तारखेखाली रेघ ओढली आणि कागद तिच्यापुढे सरकविला. बुधी तो घडी करून घेऊ लागली, तशा त्या म्हणाल्या, "थांब, आत्ताच भरू. बस इथं." आणि स्वतःची खुर्ची तिला देऊन त्या बाजूला उभ्या राहिल्या.